बळीराम थांबला ते दीड मिनिट

बोलपट येऊन आता पंधरा वर्षे होत आली. हल्ली चित्रपट पाहून आलेली तरुण मंडळी विचारतात, की पडद्यावरची माणसे बोलत नसत, किंकाळी ऐकू येत नसे, तेव्हा तुम्हाला भीती वाटायची तरी कशाची? प्रश्न रास्त आहे. मूकपटांच्या अखेरच्या चार वर्षांत मी नागपूरच्या एका चित्रपटगृहात पाट्या वाचण्याचे काम करीत होतो, म्हणून तो माझ्याकडे येतो.

पाट्या वाचणे म्हणजे काय, हेही आता सांगावे लागते. मूकपटात दोन प्रसंगांच्या मध्ये पडद्यावर मजकूर येई. कोण काय म्हणाले, किती दिवस गेले, पत्रात काय होते, असे सगळे त्यात असे. परदेशी चित्रपटांत तो इंग्रजी असे आणि प्रेक्षकांत शंभरातल्या पाच-सात जणांना तो वाचता येई. म्हणून पडद्याच्या डाव्या बाजूला एक माणूस उभा राहून तो मजकूर मोठ्याने मराठीत आणि हिंदीत सांगे. तो माणूस मी. दिवसा मी एका वृत्तपत्रात उपसंपादक होतो. चित्रपटगृह महाल या वस्तीच्या अलीकडे होते. कार्यालय सुटले की पायी जायला दहा मिनिटे लागत. सहाचा खेळ करून मी घरी जेवायला जाई.

माझ्या विरुद्ध बाजूला, पडद्याच्या उजवीकडे, वादक बसत. पेटीवर एक म्हातारे मास्तर होते आणि ढोलकीवर बळीराम. बळीराम कामठीचा. चाळिशीचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा. पंधरा-वीस वर्षे तो दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, मंडळींबरोबर गावोगाव हिंडला होता. दिवाळीनंतर खेड्यांतून मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या, की दंडारीची मंडळी बाहेर पडतात ती शिमग्यालाच परत येतात. लग्नानंतरचे सगळे हिवाळे त्याने असे बाहेर काढले होते. चित्रपटगृहाचे काम त्याने धरले ते घरी राहता यावे म्हणून. मी सांगतो आहे त्या वर्षी त्याला विशेष कारण होते. लग्नाला बारा वर्षे झाल्यावर त्याच्या घरी पहिले मूल येणार होते, पौषात.

दिवाळीला आठवडा राहिला असताना एका बुधवारी तो चित्रपट लागला. दीपगृहाचा चित्रपट म्हणू. समुद्रात एका खडकावर दीपगृह आहे. तिथे म्हातारा रखवालदार आणि त्याची बायको राहतात. एक नवा मदतनीस कामाला येतो. त्याला परत नेणारी होडी सातव्या दिवशी येणार असते. पहिल्या सकाळी जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्यांवर ओली पावले दिसतात, समुद्राकडून वर आलेली. म्हातारी काही न बोलता फडक्याने ती पुसते. दुसऱ्या सकाळी पावले पहिल्या वळणापर्यंत आलेली असतात. ती पुन्हा पुसते. मदतनीस सगळ्यात वर, दिव्याच्या खोलीत झोपतो. पावले रोज थोडी वर येतात आणि होडीला अजून दिवस असतात. एवढाच चित्रपट. त्यात भूत नाही, सांगाडा नाही, कोणी कोणाचा गळा दाबीत नाही.

बुधवारच्या खेळात लोक हसले. थोडेथोडके नव्हे, शेवटपर्यंत हसले. तिसऱ्या भागात पावले दिसली तेव्हा बाकांवरून कोणी ओरडले, "आला बे, शुक्रवारीच्या तलावातून आला!" चौथ्या भागात दुसरा म्हणाला, "ओ बुढी, कायले पुसून राहिली वं? त्याले टावेल दे!" शेवटच्या प्रसंगात मदतनीस खोलीचे दार लावून बसतो आणि दाराखालून हळूहळू पाणी आत येऊ लागते. तिथे तर पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवून पाण्याचे स्वागत केले.

खेळ सुटल्यावर मालक दामोदरशेठ बायकांच्या बाजूच्या दारापाशी उभे होते. त्या दारावर पार्बताबाई बसे. बायकांच्या कनात लावलेल्या बाजूला काय चालले आहे हे तिलाच ठाऊक असे.

"बाया भेल्या का, पार्बता?" शेठनी विचारले.

"भेतात कायच्या, शेठजी! अर्ध्या पोट्टे पाजून राहिल्या होत्या अन् अर्ध्या वड्याची डाळ किती भिजवाची ते सांगून राहिल्या होत्या."

शेठ आमच्याकडे वळले. "आयतवारपर्यंत पाहातो. हासणंच राहिलं तर फिल्म वापस. अन् ही ढोलकीबी बंद. मुंबईले लोकं ग्रामोफोन लावतात, बाप्पा. त्याले कामठीहून याव नाही लागत."

बळीराम उठला. ढोलकीवर कापड बांधून तो स्टेशनकडे निघाला. मी काही अंतर त्याच्याबरोबर गेलो.

"मास्तर," तो मला म्हणाला, "रागावसान तं सांगत नाही."

"सांगा."

"तुम्ही सारं सांगून टाकता. मंग आम्ही भ्याव कायले?"

त्याचे म्हणणे कशाबद्दल होते ते मला लगेच कळले. दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. मदतनीस दीपगृहाची नोंदवही उघडतो. पडद्यावर वहीचे पान दिसते, पण त्यावर कंदिलाची सावली पडलेली असते आणि वरची ओळ तेवढी नीट वाचता येते. आदल्या दिवशी चित्रपट तपासताना मी मशीन थांबवायला लावून ते पान भिंगाने वाचले होते. आणि खेळात मी ते पूर्ण सांगितले: मागचा मदतनीस वादळात दाराबाहेर राहिला, म्हाताऱ्याने दार उघडले नाही, तो बुडाला आणि त्याचे प्रेत मिळाले नाही.

वृत्तपत्रात आम्हाला पहिला धडा हाच मिळतो. कोण, कुठे, काय झाले, हे पहिल्या वाक्यात आले पाहिजे. वाचकाला ताटकळत ठेवणे हा गुन्हा. शिवाय आमच्या पहिल्या रांगेत कोर्टातले एक निवृत्त नाझर बसत. त्यांना इंग्रजी येई आणि माझ्या भाषांतरात काही सुटले तर ते अंधारातून टोकत. "मास्तर, 'कदाचित' राहिलं." कार्यालयाने आणि नाझरसाहेबांनी मिळून मला काहीही न वगळणारा माणूस करून सोडले होते. पावले कोणाची, हे दुसऱ्या भागातच सगळ्यांना कळले. त्यानंतर ती पावले म्हणजे एक ओळखीचा माणूस घरी येत होता.

"आमच्या दंडारीत राक्षस असते," बळीराम म्हणाला. "तो पयले आडून ओरडते. मंग त्याचा एक हात दिसते, काळा. लोकं त्या हातालेच भेतात. पुरा भायेर आला का पोट्टे हासतात. काहून, तं तो गावचा शिंपी असते. सारे वळखतात त्याले."

"मग मी किती सांगू?"

"हाताएवढं."

गुरुवारी सकाळी आम्ही मशीनवाल्याला विनंती करून दुसरा आणि शेवटचा भाग रिकाम्या चित्रपटगृहात लावून घेतला. पेटीवाल्या मास्तरांना बोलावले नाही. त्यांना तालीम ही गोष्टच मान्य नव्हती. शेवटच्या भागात पेटी बंद ठेवा, एवढेच त्यांना सांगायचे ठरवले. दुसऱ्या भागात मी नुसते म्हटले, "मागील मदतनीस..." आणि थांबलो. पान पडद्यावर आणखी पाच-सहा सेकंद राहिले. ते पाच-सहा सेकंद न बोलता उभे राहणे मला फार कठीण गेले.

शेवटच्या भागाच्या सुरुवातीला काहीच घडत नाही. म्हातारी पाव कापते, म्हातारा घड्याळाला चावी देतो, मदतनीस जिना चढतो. तिथेच बळीरामने ढोलकीच्या धुमाच्या अंगावर, म्हणजे खर्ज निघतो त्या बाजूवर, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ठोका द्यायला सुरुवात केली. ठोका इतका हलका, की कान दिल्याशिवाय कळू नये. एक ठोका, मग माणूस श्वास सोडतो तेवढी जागा, मग दुसरा.

"इथे काही होतच नाही," मी म्हणालो. "इथे कशाला वाजवता?"

"म्हणूनच वाजवून राहिलो. सवय लावून राहिलो."

"कोणाला?"

"लोकायच्या कानाले. त्यायले समजलं नाही पाहिजे का वाजून राहिलं म्हणून."

ठोका सात-आठ मिनिटे तसाच चालला. त्याने तो वाढवला नाही, जलद केला नाही. पडद्यावर दार आले. बंद दार, दुसरे काही नाही. दाराखालून पाण्याची पहिली रेघ आत आली आणि त्याच क्षणी बळीरामने हात उचलून मांडीवर ठेवला.

चित्रपट मी तिसऱ्यांदा पाहत होतो. पाणी येणार हे मला ठाऊक होते, त्यानंतर काय होणार हेही ठाऊक होते. तरी मी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. ठोका वाजत होता हे तो थांबल्यावर कळले. कोणीतरी जवळ होते आणि आता ते दाराशी येऊन थांबले आहे, असे वाटले.

दाराचे ते चित्र दीड मिनिट चालते. घड्याळ लावून मोजले आहे. त्या वेळात पाणी खोलीच्या मध्यापर्यंत येते आणि दिवा विझतो. नंतर दिसते ते सातव्या दिवशीची होडी. दीपगृह रिकामे असते. ओली पावले जिन्यावरून खाली उतरून समुद्राकडे गेलेली असतात, पण आता ती चौघांची असतात.

त्या संध्याकाळच्या खेळाला बुधवारची कीर्ती ऐकून हसायला आलेली मंडळी बरीच होती. नोंदवही आली. मी दोन शब्द बोलून थांबलो. अंधारातून कोणी विचारले, "काय झालं गा त्याचं?" मी उत्तर दिले नाही. नाझरसाहेबांचा आवाज आला, "मास्तर, पुढे." मी त्यांनाही उत्तर दिले नाही. त्यानंतर बाकांवरून कमी आवाज येऊ लागले आणि चौथ्या भागात ते थांबले. शेवटच्या भागात बळीरामने ठोका कधी सुरू केला हे मलाही कळले नाही. पाण्याची रेघ आली, ठोका थांबला आणि पुढच्या तीन रांगांतल्या लोकांनी जमिनीवरचे पाय उचलून बाकांवर घेतले. कोणी कोणाला सांगितले नव्हते.

पार्बताबाई खेळ सुटल्यावर म्हणाली, "मास्तर, दीडशे बाया होत्या. एकीचीबी बांगडी वाजली नाही."

शुक्रवारीही तसेच झाले. शुक्रवारी सकाळी मी कार्यालयात शहरातील वृत्तांचे सदर लिहीत होतो. त्यात या चित्रपटाबद्दल एक मजकूर दिला. शनिवारच्या अंकात तो छापून आला. त्यातली दोन वाक्ये अशी होती: "अखेरच्या भागात कोणतेही वाद्य वाजत नसता प्रेक्षक सुमारे दीड मिनिट निःशब्द बसून होते. चित्रपटाचे सारे भय या शांततेत साठविलेले आहे." मजकुरात बळीरामचे नाव नव्हते. ते मी विसरलो नव्हतो. मी त्या चित्रपटगृहात काम करीत होतो. आपल्याबरोबर काम करणाऱ्या माणसाची स्तुती आपल्याच पत्रात छापू नये, असा संपादकांचा दंडक होता आणि तो मला योग्य वाटे. चित्रपटगृहाचेही नाव मी दिले नव्हते. जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच लिहिले होते.

शनिवारी मी खेळाला गेलो तेव्हा ते कात्रण तिकिटाच्या खिडकीवर डकवलेले होते आणि दामोदरशेठ खुशीत होते.

"मास्तर, झकास लिहिलं. तुमच्यामुळं माह्या डोक्यात उजेड पडला."

"कसला?"

"अरे, जिथी वाजवणं नाही तिथीच लोकं भेतात! पेपरात छापलं हाये. मंग वाजवणाऱ्याले ठेवाव काहून? पेटीवाला म्हातारा राहू दे, तो कुठी जाईन बिचारा. बळीरामले सकाळीच निरोप धाडला."

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. ती शांतता आधीच्या ठोक्यामुळे होते, ठोका नसेल तर शांतता ऐकूच येणार नाही, असे मी दोन-तीन प्रकारे सांगितले. शेठनी खिडकीकडे बोट केले. "तुम्हीच लिहिलं ना? वाद्य नसता. का खोटं लिहिलं?"

खोटे नव्हते. चार दिवसांत मी काय सांगू नये हे शिकलो होतो आणि ते नको तिथे वापरले होते.

शनिवारच्या खेळात पेटी वाजली. दाराचे चित्र आल्यावर शेठच्या सूचनेप्रमाणे तीही थांबली. लोक खोकू लागले. कोणी म्हणाले, "पेटीवाला झोपला का?" आणि पुढच्या रांगा हसल्या. रविवारी शेठ स्वतः आत उभे राहिले. दीड मिनिटात त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिले असेल. बाकीचा वेळ ते लोकांकडे पाहत होते. खेळ सुटल्यावर मला म्हणाले, "उद्या कामठीले जा. म्हणा, शेठनं बोलावलं. चुकलं म्हणा."

सोमवारी सकाळी मी आधी कार्यालयात एक दुरुस्ती लिहिली, चार ओळींची. सदर शांतता ढोलकीवादक बळीराम यांच्या कौशल्याचा परिणाम होती, असा तिचा आशय होता. संपादकांनी ती वाचली.

"मूळ मजकुरात चूक काय होती?"

"चूक नव्हती."

"वाद्य वाजत होतं?"

"नाही."

"मग दुरुस्ती कशाची?" त्यांनी कागद परत दिला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिला असता.

दुपारच्या गाडीने मी कामठीला गेलो. बळीरामचे घर विणकरांच्या वस्तीच्या टोकाला होते. दारात त्याची बायको गिरजा धोतरे घडी करून एका गाठोड्यात ठेवीत होती. तिला वाकताना त्रास होत होता, म्हणून तिने गाठोडे बाजेवर घेतले होते. बळीराम भिंतीला टेकून ढोलकीच्या दोऱ्या आवळत होता.

मी शेठचा निरोप सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकला.

"आता नाही जमत, मास्तर. सुपारी घेतली."

सुपारीचा अर्थ त्या भागातल्या कोणालाही सांगावा लागत नाही. दंडारीचा नाईक घरी येतो, हातावर सुपारी ठेवतो. ती घेतली की हंगाम त्याचा. लिहून काही होत नाही, पण ती परत केलेली मी कधी ऐकली नाही.

"केव्हा घेतली?"

"काल सकाळी. दिवाळी झाली का निघतो. मौद्याकडून खाली, मंग वैनगंगेपल्याड. शिमग्याले येईन."

"पौषात येता येईल का? दोन दिवस?"

"ढोलकीवाला दोन दिवस गेला तं दंडार कशी होईन?" मग तो बायकोकडे न पाहता म्हणाला, "हिची माय येऊन राहिली. होते सारं बरोबर."

मी माझी चूक सांगितली. कात्रण मी बरोबर आणले होते. त्याला वाचता येत नव्हते. "वाचा," तो म्हणाला. मी सगळा मजकूर वाचून दाखवला. ती दोन वाक्ये त्याने पुन्हा वाचायला लावली.

"चांगलं लिवलं. बरोबर हाये. असंच झालं होतं." मग त्याने विचारले, "यात मी कुठी हावो?"

मी त्या ओळीवर बोट ठेवले. "हे, कोणतेही वाद्य वाजत नसता. हे तुम्ही."

त्याने त्या शब्दांकडे पाहिले. गिरजाने गाठोड्याची गाठ मारली आणि आमच्याकडे वळली.

"तुमच्या कागदात आमचा माणूस नाही," ती मला म्हणाली, "अन् आता घरातबी नाही. एका जागी तं ठेवाव लागत होता ना, बाप्पा."

"चूप वं," बळीराम म्हणाला, पण रागाने नाही. तिने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

मी निघालो तेव्हा त्याने कात्रण मागितले. मी दिले. त्याने ते चार घड्या करून ढोलकीच्या खोळीत सरकवले.

"तिकडं मंडईत दाखवीन," तो म्हणाला. "पेपरात माहं नाव आलं म्हणीन. वाचता कोणाले येते तिथी?"

मी खिशातली पेन्सिल काढली. म्हणालो, "द्या, समासात नाव लिहून देतो. बळीराम, ढोलकीवादक. कोणी वाचणारा भेटला तर दिसेल."

त्याने खोळीवर हात ठेवला.

"राहू द्या, मास्तर. छापलेलंच बरं दिसते. हातानं लिवलं तं लोकं म्हणतीन, यानंच लिवून घेतलं."

मी पेन्सिल खिशात ठेवली. स्टेशनपर्यंत तो माझ्याबरोबर आला.